चार तासिकांचा एक प्रकल्प: सहावी ते आठवीला चित्रकला शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक लागतं तेव्हा चित्रकलेच्या तासिका कुणाच्या तरी वाट्याला येतात. कधी तो कला शिक्षक पदविका घेऊन नुकताच रुजू झालेला शिक्षक असतो. कधी मराठी किंवा इतिहास शिकवणाऱ्या बाईंना मुख्याध्यापक सांगतात, "तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच घ्या." हे लिखाण दोघांसाठीही आहे. सांगली जिल्ह्यातल्या साध्या शाळेत जे असतं तेच धरून लिहितोय: वर्गात ५०-६० मुलं, आठवड्याला एक किंवा दोन तासिका, तासिका ३५-४० मिनिटांची, पाण्याचा नळ वर्गाबाहेर आणि साहित्याला पैसे जवळपास नाहीत. एवढ्यात मन लावून केलेलं, स्वतःचं असं काम मुलांकडून होतं, याची मला पक्की खात्री आहे.

त्यासाठी एक सवय मात्र आधी सोडावी लागेल: दर तासाला नवा विषय देण्याची. वह्या काढणं, रंग मागणं, पाणी आणणं यात १० मिनिटं जातात आणि आवराआवरीत ५. उरलेल्या २० मिनिटांत मूल हाताला पाठ असलेलंच काढतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. कृष्णाकाठच्या सपाट मुलखात वाढलेली, घरासमोर उसाचे फड असलेली मुलंही हेच चित्र काढतात, कारण बघायला कुणी वेळच दिलेला नसतो. म्हणून एक विषय निदान चार तासिका चालवा. पहिल्या तासिकेत बघायचं, दुसरीत करून पाहायचं, तिसरीत खरं काम आणि चौथीत ते पुरं करून त्यावर बोलायचं. वर्षाला असे पाच-सहा प्रकल्प झाले तरी भरपूर झाले.

या वयात मुलांचं काय होतं

तिसरी-चौथीपर्यंत कागद दिला की मुलं तुटून पडतात. सहावीत तीच मुलं कागदावर हात धरून झाकतात आणि म्हणतात, "सर, मला चित्र जमत न्हाई." हे आळसातून येत नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४०च्या दशकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण ९ ते १२ या वयात मुलाला वस्तू खरी दिसावी असं वाटू लागतं आणि त्यानंतर ते स्वतःच्या कामाकडे कठोर नजरेने बघू लागतं, असं त्यांनी दाखवलं. डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो. "छान आहे, काढ की" म्हणून ही अडचण सुटत नाही. मुलाला बघण्याची एखादी रीत द्यावी लागते, किंवा हुबेहूब काढण्याचा प्रश्नच येणार नाही असं माध्यम द्यावं लागतं. पुढे सांगितलेल्या प्रकल्पांत या दोन्ही वाटा आहेत.

फळ्यावर स्वतः चित्र काढून "आता हे वहीत काढा" असं करू नका. मुलं खूश होतात, वर्ग शांत राहतो आणि ५० वह्यांत तुमचंच चित्र ५० वेळा उतरतं. फळ्यावर कृती दाखवा, ब्रश कसा धरायचा ते दाखवा, आणि दाखवून झालं की पुसून टाका.

आधी वर्ग बघून घ्या

पहिल्या आठवड्यात रंगाला हात लावू नका. पाणी कुठून येतं, वाळत घालायला जागा आहे का, कपाट मिळेल का, हे बघा. दोन बादल्या ठेवा, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची, आणि चारच मुलांना उठायची परवानगी द्या. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून कपड्यांचे चिमटे लावले की वाळवणाची सोय झाली. पावसाळ्यात ओलं चित्र शाळा सुटेपर्यंत वाळत नाही, म्हणून ओल्या रंगाचं काम थंडीवर टाकलेलं बरं.

कागदासाठी पालकांना यादी पाठवू नका. यादी गेली की दहा मुलं सगळं आणतात, तीस अर्धं आणतात आणि उरलेली तासाला तोंड लपवतात. त्याऐवजी वर्गाचं एक खोकं करा आणि सगळं साहित्य त्यात जमू द्या. उन्हाळ्याच्या लग्नसराईतल्या पत्रिका जूनमध्ये मागवल्या की जाड, एका बाजूने कोरा कागद वर्षभर पुरतो. गावातल्या छापखान्यात कटिंग मशिनखाली पडलेल्या पट्ट्या आणि तुकडे मागितले तर सहसा मिळतात. मोठ्या चित्राला कार्डशीट घ्यावं. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागताच पोपडे धरतो आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पहिला प्रकल्प: हळकुंड

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली हळदीची बाजारपेठ जुनी, आणि हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती हे घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. अक्खी हळकुंडं किराणा दुकानात वर्षभर मिळतात, पाव किलोत सगळ्या वर्गाचं भागतं. संक्रांतीच्या सुमारास ओली हळद मिळाली तर फारच उत्तम.

पहिल्या तासिकेत प्रत्येक जोडीला एक हळकुंड द्या. पेन्सिल नको. दोन मिनिटं नुसतं हातात फिरवू द्या. कडी कुठं आहेत, मूळ कुठं तुटलंय, कुठं फुगलंय, कुठं सुरकुतलंय हे विचारा. शेतकऱ्याच्या घरातलं एखादं पोर लगेच सांगतं की हे हळकुंड, जेठा गड्डा वेगळा आणि सोरा गड्डा वेगळा, आणि हळद शिजवून, वाळवून मग पॉलिश करतात. त्याला पुढे बोलावून सगळं सांगू द्या. एरवी गप्प बसणारं मूल अशा वेळी सगळ्या वर्गाचं शिक्षक होतं. पुढच्या तासांना त्याचा हात कागदावर मोकळा चालतो.

मग साधा बॉलपेन घ्यायला सांगा. खोडरबर दप्तरात. डोळे हळकुंडावर ठेवायचे, कागदाकडे बघायचं नाही, आणि नजर जितकी हळू सरकेल तितकंच पेन हळू सरकवायचं. तीन मिनिटं. जे उमटतं ते वेडंवाकडं असतं, वर्गात हशा होतो, होऊ द्या. सगळ्यांचंच वेडंवाकडं आल्यामुळे "जमत न्हाई" म्हणणाऱ्याची भीती जाते. असं तीन-चार वेळा करून घ्या. तिसऱ्या वेळी रेषेत काहीतरी खरं दिसू लागतं: एखादी कडी नेमकी जागेवर येते, टोकाची बोथट गोलाई जमते.

दुसऱ्या तासिकेत तेच हळकुंड पानभर मोठं काढायचं. बोटाएवढी वस्तू पानभर केली की मुलांना तपशील शोधावेच लागतात. छटा देण्याची घाई नको. कड्यांच्या रेषा, मुळांचे ठिपके, सुरकुत्या एवढ्यानेच पान भरतं. तास संपताना सगळी हळकुंडं एका ताटात ओता, चित्रं जोड्यांमध्ये अदलाबदल करा आणि दुसऱ्याच्या चित्रावरून त्याचं हळकुंड शोधायला सांगा. ज्याचं हळकुंड सापडलं त्याच्या चित्राला आणखी कसली शाबासकी लागत नाही. ज्याचं सापडलं नाही त्याला विचारा, "तुझ्या हळकुंडाची अशी कोणती खूण होती जी दुसऱ्या कशावर नव्हती?" पुढच्या वेळी तो ती खूण आधी काढतो.

हळदीचा रंग

हा प्रकल्प मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण यात चित्र, स्वयंपाकघर आणि विज्ञान एकाच बाकावर येतात. लागतं ते असं: हळद पूड, बाभळीचा डिंक, खाण्याचा सोडा, लिंबू आणि ब्रश. ब्रश नसेल तर काडीला गुंडाळलेला कापूस चालतो.

डिंक आदल्या रात्री भिजत घाला. एक वाटी डिंकाला दोन वाट्या पाणी पुरतं. सकाळी पातळ फडक्यातून गाळून घ्या. दुकानात मिळणाऱ्या जलरंगातही बांधणी डिंकाचीच असते, हे मुलांना आवर्जून सांगा. दोन चमचे हळदीला एक चमचा डिंकाचं पाणी घालून बशीत चांगलं घोटा आणि लागेल तसं पाणी वाढवा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. कोणत्या बशीतलं प्रमाण जमलं ते मुलांनाच पट्ट्या रंगवून ठरवू द्या. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, म्हणून दर वेळी ब्रश बुडवण्याआधी ढवळायला लावा. डिंकाचं पाणी चार दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करा.

आता सोड्याची गंमत. कागदाच्या पट्टीवर हळदीचा हात फिरवून वाळवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून काडीने त्या पिवळ्यावर रेघ ओढा. रेघ तांबूस-नारिंगी उमटते. त्यावर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य सोड्यासारख्या आम्लारीत (अल्कलीत) रंग बदलतं, म्हणूनच विज्ञानाच्या तासाला आम्लारी ओळखायला हळदीची पट्टी दर्शक म्हणून वापरतात आणि म्हणूनच हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना त्या तासाला बोलवा, त्यांनाही आवडतं. वर्गात चुना मात्र आणू नका. तो डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, आणि सोड्याने काम भागतं.

पट्ट्यांवर हात बसला की मोठ्या कागदावर या: आधी हळदीची पातळ पार्श्वभूमी, ती वाळल्यावर सोड्याच्या पाण्याने चित्र. विषय हळकुंडाचाच ठेवा किंवा हळदीच्या झाडाची लांब पानं घ्या. सोड्याची रेघ पुसता येत नाही, आणि हेच मुलांना मोकळं करतं. गडद रेषा हवी असेल तर कोळशाची पूड, तांबडा हवा असेल तर गेरू, दोन्ही त्याच डिंकात घोटायचे.

याच्या सोबतीने एक चाचणी लावून ठेवा. एका लांब पट्टीवर हळद, बीट, पालक, गेरू आणि कोळसा यांचे पट्टे ओढा, पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत चिकटवा. काही आठवड्यांनी काळा कागद काढा. हळद आणि बीट उघड्या बाजूला फिकट झालेले असतात, गेरू आणि कोळसा जसेच्या तसे. झाडापासून आलेला रंग उन्हात उडतो, माती आणि काजळी टिकते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती आणि काजळ यांवर भर का दिला असेल, हे त्या खिडकीपाशी उभं राहून सातवीतली मुलं स्वतःच सांगतात. ज्यांना आपलं हळदीचं चित्र टिकवायचं आहे त्यांना ते वहीत, उन्हापासून लांब ठेवायला सांगा.

गणवेशाचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी घरातून येईल. पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली आणि आईने साबण लावला की डाग लालभडक होतो आणि ती घाबरते. साबण आम्लारीधर्मी असतो, म्हणून तसं होतं. धुऊन कडक उन्हात वाळत घातलं की डाग फिकट होत जातो. ही एक ओळ मुलांच्या डायरीत आधीच लिहून पाठवा. वडिलांचा जुना शर्ट उलटा घालून, मागे बटणं लावून बसलेला वर्ग दिसायलाही छान दिसतो.

खोक्यातून छाप

तासगाव-सांगली भागात द्राक्ष-बेदाण्याच्या व्यवहारामुळे पुठ्ठ्याची खोकी कुठंही मिळतात. छापचित्रासाठी याहून चांगलं काही नाही. ज्यांना हुबेहूब काढण्याची धास्ती आहे त्यांच्यासाठी तर हा प्रकल्प आधी घ्यावा, कारण छाप कशी येईल हे कुणालाच आधी पूर्ण ठाऊक नसतं.

पहिल्या तासिकेत पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे द्या. कापणं तुम्ही घरून करून आणा. कटर किंवा ब्लेड मुलांच्या हातात देऊ नका, त्यांना कात्री पुरते. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली नाळीदार घडी उघडी पडते. तिचे उभे-आडवे पट्टे बघून मुलं आपणहून उसाच्या सऱ्या, द्राक्षाच्या ओळी, पत्र्याचं छप्पर करतात. त्यावर गोणपाटाचा तुकडा, दोरा, वाळकं पान, जाळी, कागदाचे फाडलेले तुकडे चिकटवायचे. विषय असा द्या की तो रोजच्या वाटेवरचा असेल: घरासमोरची भिंत, कौलांचा कोपरा, नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्या, आयर्विन पुलावरून दिसणारी कृष्णा.

दुसऱ्या तासिकेत सगळ्यावर फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून हात फिरवा, कडांनाही. हा थर नीट वाळला नाही तर छापताना पुठ्ठा रंग पितो आणि दुसऱ्याच छापेला भिजून उखडतो. वाळायला आठवडाभर वेळ आहेच.

छापायला पोस्टर कलर वापरा, पण तो भराभर वाळतो. त्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घाला, मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा थोडा रंग घेऊन पुठ्ठ्यावर थापायचा. ओतायचा नाही, थापायचा, हे दहा वेळा सांगावं लागतं. कागद किंचित ओलसर केला, फडक्यात दाबून पाणी टिपलं, तर छाप भरून येते. कागद ठेवा, चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा आणि एक कोपरा धरून हळूच उचला.

संपूर्ण वर्ग एकदम छापायला बसवला तर गोंधळ ठरलेला. मागे दोन बाकं छापण्यासाठी ठेवा, एका वेळी आठ मुलं, बाकीच्यांना वहीत पुढच्या छापेचे आराखडे. आठजणांना १० मिनिटं धरली तर ५० मुलांना दोन तासिका लागतात, तेव्हा प्रकल्प चारऐवजी पाच तासिकांवर गेला तर जाऊ द्या. पहिली छाप बहुतेक पुसट येते, दुसरी-तिसरी भरते. निदान तीन छापा घेतल्याशिवाय कुणालाही उठू देऊ नका. अक्षरं उलटी उमटतात हे आधी सांगू नका, एखाद्याच्या दुकानाची पाटी उलटी छापली जाऊ द्या, मग सगळ्या वर्गाला आरसा आणि छाप यांचा संबंध उलगडून दाखवा.

छापांवर पेन्सिलीने खाली क्रमांक घालायला शिकवा: एकूण तीनपैकी पहिली असेल तर १/३, मग सही. छापचित्रकार असाच क्रमांक घालतात. सहावीतलं पोर सही करताना ज्या गांभीर्याने बसतं, ते बघून आपल्यालाही या विषयाचं मोल नव्याने कळतं.

बेंदराचा बैल

जून-जुलैच्या पावसात माती हेच माध्यम बरं. आपल्याकडे बेंदराला घरोघर मातीच्या बैलांची पूजा होते, तेव्हा विषय मुलांच्या मनात आधीच असतो. कुंभारवाड्यातून मळलेली माती आणा. शेतातल्या काळ्या मातीत वाळताना फार भेगा पडतात. पाय जाड आणि आखूड ठेवायला सांगा. पाय, शिंगं, वशिंड जोडताना दोन्ही बाजूंना खिळ्याने ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. नुसतं चिकटवलेलं शिंग वाळलं की गळून पडतं. बैल सावलीत, ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवा. ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना खांदा, वशिंड, गळ्याखालची पोळी यांवर बोलू द्या. ज्यांच्या घरी नाहीत त्यांनी म्हैस, शेळी, कुत्रं केलं तरी हरकत घेऊ नका.

मुखवट्यांचा प्रकल्प याच्याच पुढचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' नाटक केलं आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो, त्या निमित्ताने मुखवटे करून घ्या. फुग्यावर रद्दी कागदाचे पाच-सहा थर खळीने चिकटवून, वाळल्यावर अर्धा कापला की दोन मुखवटे होतात. खळीत थोडं मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, ती शाळेत अजिबात नको, ते विषारी असतं. दिवाळीच्या सुट्टीमुळे तारीख हुकते, तरी थंडीत कधीही घ्या.

मिरजेला एक फेरी

जमलं तर आठवीच्या मुलांना मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे न्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूने येणारे मोठे कडू भोपळे तिथे टांगलेले असतात, कुठे भोपळा कापून घासला जातोय, कुठे त्यावर पानाफुलांची नक्षी चढतेय. आधी जाऊन परवानगी घ्या, १५-२० मुलांचेच गट करा, कारण कारखाने लहान असतात आणि काम नाजूक. मुलांना एकच काम द्या: कारागीर गोल पृष्ठभागावर नक्षीची सुरुवात कुठून करतो आणि मोजमाप कशाने घेतो, ते टिपून आणायचं.

परत आल्यावर प्रकल्प सोपा असतो. कंपासने वर्तुळ, त्याचे सहा, आठ किंवा बारा भाग, आणि एका भागात काढलेलं पान बाकीच्या भागांत फिरवत न्यायचं. ट्रेसिंग पेपर नसेल तर तेल लावलेला पातळ कागद चालतो. भूमितीच्या तासाला कंटाळणारी मुलं इथे कोन काटेकोर मोजतात, कारण एक भाग चुकला तर शेवटचं पान मावत नाही.

लांबची सहल ठरली तर सातारा जिल्ह्यात औंधला जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय १९३८ चं. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्प एका गावातल्या टेकडीवर बघायला मिळतं. सगळं बघण्याचा आग्रह नको. प्रत्येकाने एक चित्र निवडून त्यासमोर १५ मिनिटं बसायचं आणि पेन्सिलीने टिपण करायचं, एवढंच.

मुलांच्या चित्रावर काय बोलायचं

"मस्त", "सुंदर" याने मुलाला काहीच कळत नाही. जे दिसतं ते सांगा: "ही रेघ तू इथे जाड केलीस, त्यामुळे ही फांदी पुढे आल्यासारखी वाटते." मग प्रश्न विचारा: "इथे रिकामं ठेवलंस, ते ठरवून का?" मुलाच्या चित्रावर स्वतःची पेन्सिल चालवू नका. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळ्या कागदावर दाखवा. चौथ्या तासिकेत चित्रं भिंतीला लावून वर्ग बोलता करा, पण नियम एकच: आधी काय दिसतं ते सांगायचं, आवडलं-नावडलं नंतर.

स्मरणचित्राचा विषय देताना आपल्या भागात एक गोष्ट ध्यानात ठेवा. "पावसाळा" म्हटलं की काही मुलं २०१९ किंवा २०२१ चा पूर काढतात: पाण्यात गेलेलं घर, बोट, माळ्यावर बसलेली आजी. स्वतः लहान होती त्यांनीही घरात ते ऐकलेलं असतं. असं चित्र आलं तर त्याचं कौतुक चारचौघांत करू नका आणि दुरुस्त्याही सुचवू नका. मुलाला हवं तर सांगू द्या, नको असेल तर चित्र वहीत मिटू द्या. आणि महापूर हा विषय सक्तीने कधीच देऊ नका.

नोंदी आणि परीक्षा

आठवीपर्यंत कलेला श्रेणी आणि वर्णनात्मक नोंद द्यायची असते. वर्षअखेरीस ५० मुलांच्या नोंदी एकदम लिहायला बसलात तर सगळीकडे "रंगसंगती चांगली आहे" हेच लिहिलं जाईल. दर तासाला चार मुलांची एकेक ओळ वहीत टिपा: "खोडरबर न मागता पूर्ण केलं", "छाप तीनदा बदलून बघितली", "शेजाऱ्याला डिंकाचं प्रमाण समजावलं". सत्र संपेपर्यंत सगळा वर्ग होतो.

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि पुढे इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालक सातवीपासूनच त्याबद्दल विचारू लागतात. तयारी जरूर करून घ्या, पण ती वेगळ्या वेळेत. स्थिरचित्राला हळकुंडाचा सराव, संकल्पचित्राला मिरजेची नक्षी, स्मरणचित्राला रोजच्या वाटेचं बघणं आधीच कामी आलेलं असतं.

भिंतीवर लावताना

प्रदर्शनासाठी वार्षिक संमेलनाची वाट बघू नका. एक प्रकल्प संपला की व्हरांड्यात सुतळीवर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. निवडक दहा लावू नका, सगळ्या वर्गाची लावा. जागा कमी असेल तर एकाच आकाराचे छोटे कागद आधीपासूनच ठरवा. प्रत्येक चित्राखाली मुलाच्या हस्ताक्षरात दोन ओळी असू द्या: काय वापरलं आणि काय अवघड गेलं. शाळेच्या शिपाई मावशींना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आधी बोलवा. हळदीच्या रंगाबद्दल त्यांच्याकडून मुलांना जे कळतं ते आपल्याला सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी चित्रं उतरवा, मागे नाव आहे ना ते बघून मुलांना परत द्या, शाळेत गठ्ठे करून ठेवू नका. छापेचे पुठ्ठे मात्र वर्गाच्या खोक्यात राहू द्या, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला लागतात. खोक्यात कडुनिंबाचा पाला टाका आणि पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवा, नाहीतर खळ आणि डिंक लागलेल्या पुठ्ठ्याला कसर लागते.